नवागतांना टाकीत सोडण्याची कार्यपद्धती

जगातलं पाणी तीन प्रकारचं असतं. एक गोडं, दुसरं खारं, आणि तिसरं, ज्याच्याबद्दल कुणालाच धड काही ठरवता येत नाही असं. या तिसऱ्याला निमखारं म्हणतात. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ते असतं. माणसाने तोंडात घेतलं तर तो तोंड वाकडं करून थुंकून टाकतो. काही मासे मात्र त्याच्यावाचून जगत नाहीत. त्यांतले जे बोटाच्या पेराएवढे असतात, ते घरात काचेच्या टाकीत पाळणं हा मनुष्यजातीला सापडलेला सर्वांत निरुपद्रवी छंद आहे. (शेजाऱ्यांच्या दृष्टीने. घरच्यांचं मत या अहवालात विचारात घेतलेलं नाही.)

आमच्या शहरात अशा छंदिष्टांचं एक मंडळ आहे. सभासद दोनशे बारा. त्यांपैकी ज्यांच्या टाकीत मासे सध्या जिवंत आहेत असे एक्याण्णव. बाकीचे निवडणुकीपुरते. या मंडळाच्या कार्यपद्धती समितीचा मी प्रमुख आहे, आणि हे पद मला वशिल्याने मिळालेलं नाही. चौतीस वर्षं मी एका मोठ्या कार्यालयात सूचना लिहिण्याचं काम केलं. तिथल्या लिफ्टमध्ये लावलेल्या अठरा सूचना माझ्याच. त्या वाचून बहुतेक लोक जिन्याने जाऊ लागले आणि लिफ्ट आजतागायत नव्यासारखी आहे.

मंडळासाठी मी जे मुख्य काम केलं, ते म्हणजे 'नवागतांना टाकीत सोडण्याची कार्यपद्धती', कलमं बावीस. ती लिहायची पाळी का आली, तर लोक अडाणी असतात म्हणून. दुकानातून पिशवीतला मासा आणायचा आणि थेट टाकीत ओतायचा, ही आपल्याकडची रीत. पिशवीतलं पाणी वेगळं, टाकीतलं वेगळं. खारटपणा वेगळा, ऊब वेगळी. पण ओतणाऱ्याला घाई. गंमत अशी की ओतलेला मासा लगेच मरत नाही. तो पोहतो, खातो, काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करतो. मालक सगळ्यांना सांगत सुटतो, "मस्त रमलाय!" आतल्या आत मात्र त्याची सगळी ताकद अंगातलं मीठ सांभाळण्यात चाललेली असते. मंडळाच्या नोंदीप्रमाणे ओतलेल्या दर शंभर माशांपैकी पहिल्या दिवशी चार जातात, आणि चौथ्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान एकसष्ट. त्या एकसष्टांबद्दल मालकांनी दिलेला जबाब शब्दशः सारखा आहे: "काल तर चांगला होता."

कार्यपद्धतीतली काही महत्त्वाची कलमं इथे देतो. संपूर्ण प्रत मंडळाच्या कार्यालयात मिळेल. (कार्यालय म्हणजे चिटणिसांचं गॅरेज.)

कलम २. नवागतास त्याच्या मूळ पाण्यासह बादलीत घ्यावे. मूळ पाणी फेकू नये.
कलम ४. बादलीत टाकीतील पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडावे. वेग: सेकंदास एक थेंब. अवधी: किमान चार तास.
कलम ७. या काळात दिवे मंद ठेवावेत. काचेवर टकटक करू नये. पाहुण्यांना दाखवू नये.
कलम ८. पहिल्या दिवशी खाण्याचा आग्रह करू नये.
कलम ११. लपायला जागा द्यावी. लपलेल्या नवागतास बाहेर काढून 'असा का बसलास' असे विचारू नये.
कलम १७. नवागत रमला आहे, असे आठ दिवसांच्या आत म्हणू नये.

आता मूळ विषयाकडे येतो. माझ्या मुलाचं लग्न एका शनिवारी झालं. नवं जोडपं रविवारी सकाळी घरी येणार होतं. त्याच रविवारी माझे नऊ मासे यायचे होते. पिवळ्या अंगावर काळे पट्टे, लांबी तीन सेंटिमीटर, स्वभाव एकलकोंडा. विक्रेत्याने कळवलं की माशांची तारीख बदलणं शक्य नाही. लग्नाची बदलता येईल का, असं मी घरात एकदा विचारून पाहिलं. एकदाच.

त्यामुळे सूनबाई दारात आल्या तेव्हा मी मोरीत होतो. दिवा बंद, नळीला गाठ मारलेली, एक थेंब पडला की एक, दुसरा पडला की दोन. दारावर पाटी लावली होती: 'शांतता राखा. आत नवागत आहेत.' बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर निरनिराळ्या साक्षीदारांकडून कळलं, त्याचा गोषवारा असा. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्या आल्या. अकरा चाळीसपर्यंत तेवीस नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी त्यांना पाहून घेतलं. चौघांनी हनुवटी वर करून. बारा वाजता माझ्या मोठ्या बहिणीने, म्हणजे अक्काने, (ती बावीस वर्षांपूर्वी माघारी आली ती आमच्याकडेच आहे) त्यांना स्वयंपाकघरातले डबे दाखवले. बारा वीसला त्या सोळा जणांचा चहा करत होत्या. मधल्या वेळात त्यांच्या दोन ट्रंका, उशी आणि एक टेबलावरचा दिवा माळ्यावर गेला, कारण "आपल्याकडे सगळं आहे." बारा पस्तीसला समोरच्या काकू जिन्यात ओरडून म्हणाल्या, "अहो, एकदम रमली की हो सून!"

एक तास पंचवीस मिनिटं. मोरीत तेव्हा माझी अर्धी बादलीही झाली नव्हती.

सूनबाई एका दवाखान्यात काम करतात. ज्यांना ऐकू येत नाही अशांच्या कानात यंत्र बसवून देणं, हे त्यांचं काम. बोलणं हळू, चालणं हळू, नाकावर राग नाही. त्या सकाळी उठत, हसत, डबा भरत, कामावर जात, येत, पुन्हा हसत. आमच्याकडे सगळे खूश होते. मासे मात्र पहिले तीन दिवस फुटक्या मडक्याच्या आड बसून होते आणि मी त्यांना अजिबात त्रास दिला नाही. माझी ही (म्हणजे मुलाची आई) एकदा टाकीवर फडकं मारायला गेली, तेव्हा मी तिच्यावर खेकसलो. कलम सात.

सवयीप्रमाणे मी दोन्हीकडची नोंद ठेवत होतो. मंगळवारचा दिवस नमुन्यादाखल देतो. सूनबाई घरात जाग्या असतानाचा वेळ: सात तास. त्यांना मिळालेल्या सूचना: एकशे चाळीस, म्हणजे दर तीन मिनिटांना एक. सूचना देणारे: अक्का ब्याण्णव, माझी ही बत्तीस, समोरच्या काकू सोळा. परस्परविरोधी सूचना एकतीस. उदाहरणार्थ, 'दार लोटून घे' आणि 'दार कशाला लोटतेस' या दोन सूचना एकाच दाराबद्दल चार मिनिटांच्या अंतराने. तोंडावर नाराजी: शून्य. मला वाटलं, काय गुणी मुलगी आहे.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी टाकीतला खारटपणा काचनळीने मोजत होतो, तेव्हा त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. टाकीवर चिकटवलेली कार्यपद्धती त्यांनी पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत वाचली.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंय?"

"बावीसच्या बावीस."

"फार चांगलं लिहिलंय." (मंडळात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नाही.) "म्हणजे माशाला आपल्या पाण्यात टाकायचं नाही. आपलं पाणी त्याच्या पाण्यात जाऊ द्यायचं."

"तेच तर!" मला आनंद झाला. "आणि तेही थेंब थेंब. लोकांच्या हे टाळक्यात शिरत नाही. आल्या आल्या त्याचं पाणी फेकून देतात मेले."

"हो ना," त्या म्हणाल्या. "माझ्या ट्रंका माळ्यावर आहेत."

"अगदी सुरक्षित आहेत," मी म्हणालो. "माळा कोरडा आहे."

त्या थोडा वेळ माशांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे माणसांना लावता येतं का हो?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझी एखादी सूचना आपल्यालाही लावा, असं कुणी आपणहून म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (गोडं की खारं, ते मोजलं नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातल्या सगळ्यांची बैठक बोलावली आणि परिशिष्ट 'अ' लागू केलं. त्यानुसार: अक्काला तासाला एक सूचना, दिवसाला आठ, न वापरलेल्या सूचना दुसऱ्या दिवसासाठी पुढे ओढता येणार नाहीत. बघायला येणारे पाहुणे दिवसाला दोन, अंतर सहा फूट. पानात आग्रहाने वाढणं बंद. आणि रोज सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता मी स्वतः 'कसं वाटतंय?' असं विचारून उत्तर वहीत घ्यायचं. दुपारच्या नोंदीसाठी मी दवाखान्यात फोन करायचो. तिथल्या बाईंनी चौथ्या दिवसापासून फोन उचलणं बंद केलं.

वहीत एकंदर तेरा नोंदी आहेत. तेराही 'ठीक'.

योजनेचा सगळ्यात जास्त त्रास अक्काला झाला. तासभर सूचना दाबून ठेवल्याने तिला धाप लागायची. घड्याळात ठोका पडला की ती पाच सूचना 'आणि' लावून एका वाक्यात म्हणायची आणि खुर्चीत बसायची. ट्रंकांचा प्रश्नही बैठकीत निघाला होता. मुलगा म्हणाला, "आणू या ना खाली, त्यात काय!" अक्का म्हणाली, "आज ट्रंक खाली येईल, उद्या तिचा दिवा टेबलावर येईल, परवा तिच्या पद्धतीची आमटी होईल. मग आपलं काय राहिलं रे या घरात?" माळ्याबद्दल कार्यपद्धतीत कलम नसल्याने विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. ती बैठक झाली नाही.

बाराव्या दिवशी सूनबाईंनी स्वतः स्टूल लावलं, ट्रंका खाली घेतल्या, दिवा घेतला, उशी घेतली. मला ही प्रगती वाटली. चार दिवस माहेरी जाऊन येते, असं सांगून त्या हसत गेल्या. भांडण नाही, आदळआपट नाही, डोळ्यांत टिपूस नाही. चाराचे नऊ झाले तेव्हा किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवलेली चिठ्ठी सापडली. चिठ्ठीत एकच ओळ होती: 'बाबा, कलम सतरा अगदी बरोबर आहे.'

अक्का म्हणाली, "काल तर चांगली होती."

मुलगा सूनबाईंना आणायला गेला. तो तीन दिवसांनी एकटाच परत आला. चेहरा उतरलेला, पोट बिघडलेलं.

"काय रे, लोक वाईट आहेत का?" हिने विचारलं.

"छे गं आई, फार प्रेमळ आहेत. तोच तर घोळ आहे." तो सोफ्यावर आडवा झाला. "सकाळी पाचला उठून सगळे एकदम बोलायला लागतात. मी नेलेली उशी काढून घेतली, म्हणे आमच्याकडची मऊ आहे. चहात साखर इतकी की दात शिवशिवतात, आणि नको म्हटलं की तिच्या आईचा चेहरा पडतो. तिचे काका दर दहा मिनिटांनी पाठीवर थाप मारून म्हणतात, 'लाजू नका, आपलंच घर आहे!' बाथरूमला कडी लावून बसत होतो मी. शेवटी तीच म्हणाली, जा तू घरी."

"तीनच दिवस तर होते," मी म्हणालो.

"तीन दिवस राहून बघा ना तुम्ही."

माझ्या हिशोबाने तो एकाहत्तर तास टिकला. थेट ओतलेल्या लहान माशाची सरासरी याहून बरी आहे. पण हे मी त्याला सांगितलं नाही, कारण तो उठून टाकीसमोर जाऊन बसला होता. लग्नाआधी या टाकीला तो 'बाबांचं डबकं' म्हणायचा. त्या दिवशी तो मडक्याआडच्या एका माशाकडे बराच वेळ बघत राहिला आणि काचेला बोट लावलं नाही.

पुढच्या महिन्यात दोघांनी एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिच्या माहेरापासून सात बसथांबे आणि आमच्यापासूनही सातच. ना त्यांचं, ना आमचं. मी एकदा जाऊन आलो. टेबलावर तिचा दिवा होता. चहा मुलाने केला, आणि तो आमच्यासारखाही नव्हता आणि मऊ उशीवाल्यांसारखाही नव्हता. तोंडात घेतल्यावर काही ठरवता आलं नाही. दोघं मात्र तो आवडीने पीत होती. परत येताना बसमध्ये मला वाईट वाटलं. हे वाक्य अहवालात बसत नाही, मला माहीत आहे. पण वाटलं. आपल्या हातून काही तरी जिवंत गेलं आणि नोंदवहीत सगळीकडे 'ठीक' लिहिलेलं आहे, असं वाटलं.

घरी आलो तर ही ओट्यापाशी डबे पुसत होती. अक्का खुर्चीत होती.

"तू बरी एका दिवसात रमलीस," मी हिला म्हणालो. "तुला किती वेळ लागला होता गं?"

"कशाला?"

"रमायला."

तिने डब्याचं झाकण लावलं, नीट बसलं की नाही ते दाबून पाहिलं आणि डबा फळीवर ठेवला.

"होतंय अजून," ती म्हणाली.

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली आहेत. मी म्हणालो, "बोलली नाहीस कधी."

"तेव्हा कुठे मंडळ होतं तुमचं," ती म्हणाली आणि दुसरा डबा घेतला. घड्याळात सहाचे ठोके पडले. त्या तासाची सूचना अक्काने वापरली नाही.

या सगळ्यातून काही शास्त्रीय निष्कर्ष निघावा म्हणून मी मंडळामार्फत पाहणी केली. सर्व सभासदांच्या घरी एकच प्रश्न पाठवला: 'आपल्या घरात बाहेरून आलेल्या व्यक्तीस रमण्यास किती दिवस लागले?' माशांच्या पाहणीला एरवी चाळीससुद्धा उत्तरं येत नाहीत. या पाहणीला दोनशे बाराच्या दोनशे बारा आली, तीही आठवड्याच्या आत. 'एकही दिवस नाही': एकशे अठ्ठ्याऐंशी. 'एक दिवस': एकोणीस. 'आमच्याकडे असले काही नाही': पाच. फॉर्म कुणी भरला, हा रकाना मी सहज ठेवला होता. तिथलं चित्र असं: पती एकशे एकतीस, सासू बावन्न, सासरे अठ्ठावीस, नणंद एक. स्वतः बाहेरून आलेली व्यक्ती: निरंक. एका फॉर्मच्या समासात पेन्सिलीने 'खरं लिहू का?' असं लिहून पुसलेलं दिसतं. पुसलेला मजकूर मंडळाच्या नियमाप्रमाणे ग्राह्य धरता येत नाही.

सासू या रकान्यातल्या बावन्न जणीही कधी तरी बाहेरूनच आल्या असणार, असा मुद्दा मी वार्षिक सभेत मांडला. मग चिटणिसांनी चहा आल्याचं जाहीर केलं. चहानंतर ठराव एकमताने मंजूर झाला की कार्यपद्धतीतील 'नवागत' या शब्दाचा अर्थ मासा असाच घ्यावा. माझे नऊच्या नऊ मासे जिवंत असल्याबद्दल सभेने माझं अभिनंदन केलं, आणि ते मी स्वीकारलं.

वाचकांसाठी वेगळा फॉर्म छापलेला नाही. त्याची गरज नाही. वाचता वाचता आपल्या घरचं उत्तर तुम्ही मनातल्या मनात केव्हाच देऊन टाकलं आहे, आणि ते आम्ही 'एकही दिवस नाही' या रकान्यात जमा धरलं आहे. दुरुस्तीची सोय ठेवली आहे, पण ती तुम्ही स्वतः करायची नाही. कोरा कागद शेजारच्या खोलीत द्यायचा आणि लिहून होईपर्यंत आपण बाहेर थांबायचं. अशी दुरुस्ती अद्याप एकही आलेली नाही. आणि घरात बाहेरून आलेल्या तुम्हीच असाल, तर काळजी नसावी. तुमच्या वतीने फॉर्म कधीच भरून आला आहे.